मालनमावशीचा पास्ता

मुलांनो, घटकाभर डोळे मिटा आणि अशी कल्पना करा. तुमच्या गल्लीत एक ओटा आहे. दुपारी त्या ओट्यावर सावली असते. सावलीत गोणपाट अंथरलेलं असतं आणि त्यावर गल्लीतली सगळ्यांत लाडकी बाई बसलेली असते. तिच्या उजव्या हाताला एका माणसापुरती जागा मोकळी असते. ती जागा तुमची. तिथे कुणी तुमच्या नावाची पाटी लावलेली नाही, पण तीन वर्षं तिथे तुम्हीच बसत आला आहात. आता अशी कल्पना करा, की एके दिवशी तुम्ही शाळेतून येता, दप्तर कोपऱ्यात टाकता, ओट्याकडे पळत सुटता, आणि तुमच्या जागेवर दुसरंच कुणी बसलेलं असतं. पाय दुमडून, अगदी आरामात.

छातीत कुठेतरी बारीकसा चटका बसला ना? बसला नसेल तर पुन्हा एकदा डोळे मिटा. बसला असेल तर तो तसाच राहू द्या, कारण आपली गोष्ट त्या चटक्याचीच आहे.

सोनईच्या वृषालीला तो चैत्रातल्या एका दुपारी बसला. वृषाली पाचवीत होती. ओटा मालनमावशीचा होता. मालनमावशी काही तिची सख्खी मावशी नव्हे, शेजारची. पण वृषालीची आई दिवसभर दुकानात शिवणाच्या मशीनवर, त्यामुळे शाळा सुटली की वृषालीचा मुक्काम मावशीकडे. मावशीचे यजमान गहिनीनाथ सकाळी शेतावर गेले की दिवेलागणीला परतत, मुलगा-सून नोकरीपायी नगरला. मग घर, ओटा आणि मावशी दुपारभर वृषालीची.

मावशीचे हात साऱ्या गावात नावाजलेले होते. लग्नसराई जवळ आली की लग्नघरच्या बाया रव्याचे डबे घेऊन तिच्या ओट्यावर यायच्या. मावशी त्या रव्याचे गव्हले करायची, गव्हाच्या दाण्याएवढे. बोटव्या करायची, पीळ दिल्यासारख्या. आणि नखुले करायची. नखुले म्हणजे तिची खासियत. भिजवलेला रवा कुटून कुटून मऊ करायचा, त्याची दोरीसारखी बारीक वळी ओढायची, चिमटीने इवलासा तुकडा तोडायचा आणि अंगठ्याच्या नखाने दाबून असा पुढे सरकवायचा, की त्याचा चिमुकला शिंपला व्हावा. मग ते सावलीत धोतरावर वाळवायचे, लग्नाच्या रुखवतात मांडायचे, आणि मागाहून दुधात त्यांची खीर करायची. एका नखुल्याला मावशीला पापणी लवण्याएवढा वेळ लागे. वृषालीला पहिल्या वर्षी एक नखुला करायला वीसपर्यंत आकडे म्हणावे लागत, आणि तोही शिंपल्यासारखा न दिसता चिरडलेल्या मुंगळ्यासारखा दिसे.

पण पोरगी चिकाटीची. दुसऱ्या वर्षीच्या उन्हाळ्यात तिच्या सुपातले नखुले हातात घेऊन मावशी म्हणाली होती, "हाताला वळण हाय पोरीच्या." बस, एवढंच. वृषालीने ते वाक्य कुणाला सांगितलं नाही. एखादी चांगली ओढणी आपण ट्रंकेच्या तळाशी ठेवतो, तसं तिने ते ठेवून दिलं होतं.

आता तिच्या जागेवर बसलेल्या मुलीबद्दल. तिचं नाव पूजा. तिची आई सरकारी दवाखान्यात सिस्टर होती आणि पुण्याहून बदली होऊन आली होती. त्यांनी मावशीच्या समोरचीच खोली भाड्याने घेतली. सिस्टरची ड्युटी पाचला सुटायची, शाळा त्याआधी कितीतरी. तेवढा वेळ नव्या गावात पोरगी कुलपाशी एकटी बसलेली मावशीने पाहिली आणि तिला हाक मारून ओट्यावर घेतलं. डाव्या बाजूला रव्याचे डबे आणि सुपं होती. मोकळी जागा उजवीकडेच होती. पूजा तिथे बसली. यात कुणाच्या मनात काहीही नव्हतं.

हे मी तुम्हाला सांगतो आहे म्हणून तुम्हाला ठाऊक झालं. वृषालीला कुणी सांगितलं नव्हतं, आणि तिने विचारलंही नाही. ती डब्यांच्या पलीकडे, पायरीवर जाऊन बसली. मावशीने तिला, अशी लांब का बसलीस, म्हणून विचारलं. वृषाली म्हणाली, इथे वारा येतो. त्या दुपारी सोनईत पान हलत नव्हतं.

दिवस गेले तसे चटके वाढत गेले. पूजा पहिल्यांदा मावशीला "तुम्ही" म्हणायची. मावशी, तुम्ही दमला नाहीत का, मावशी, तुम्हाला पाणी देऊ का. वृषालीला ते ऐकून बरं वाटे, कारण "तुम्ही" म्हणणारं माणूस पाहुणं असतं आणि पाहुणे कधीतरी जातात. आठवड्याभरात पूजा "तू" म्हणायला लागली. मग तिने नखुले शिकायला घेतले. तिचे पहिले नखुले मुंगळ्यासारखे नव्हते. पहिल्या दिवशीच ते बऱ्यापैकी शिंपल्यासारखे झाले. मावशीने ते तळहातावर घेतले, उन्हाकडे धरले आणि म्हणाली, "हाताला वळण हाय पोरीच्या."

वृषालीच्या हातातली वळी तुटली. तिने ती पुन्हा ओढली, पुन्हा तुटली. तिला वाटलं, आपल्या ट्रंकेतली ओढणी कुणीतरी आपल्यादेखत दुसरीच्या खांद्यावर टाकली.

शाळेतही तेच. पूजा डब्यात पास्ता आणायची. लाल, तिखट, टोमॅटोचा वास सुटलेला, छोट्या छोट्या शिंपल्यांचा पास्ता. मधल्या सुट्टीत तिच्याभोवती हा गराडा पडायचा. एकेका शिंपल्यासाठी पोरं पेन्सिली द्यायला तयार. पूजा कुणाकडून काही न घेता वाटायची, आणि वाटून झाल्यावर डब्यात तिच्यापुरतं कधी उरायचं, कधी नाही. तिने वृषालीपुढेही दोनदा डबा धरला. दोन्ही वेळा वृषालीने आपलं पोट भरल्याचं सांगितलं आणि तोंड फिरवून चिंच चोखत बसली.

वृषालीला पास्ता ठाऊक नव्हता असं मात्र नव्हे. देवळाली प्रवराला तिच्या मामाकडे लग्न होतं, तिथे जेवणात एका बाजूला पास्त्याची टेबलं मांडली होती. पाण्यात उकळायचं, पाणी ओतून द्यायचं, मग कढईत टोमॅटोच्या रश्शात परतायचं, हे तिने आचाऱ्याच्या शेजारी अर्धा तास उभं राहून पाहिलं होतं. चार वेळा घेऊन खाल्लंही होतं.

त्यांच्या वर्गाच्या भारतीबाईंनी त्या वर्षी एक रीत पाडली होती. शनिवारी सकाळच्या शाळेत दप्तर आणायचं नाही, एक शब्द आणायचा. आपल्या घरातला शब्द. त्याचा अर्थ सांगायचा, घरात तो कोण, कधी, कसा वापरतं ते सांगायचं, आणि जमलं तर ती वस्तू दाखवायची. दर शनिवारी दोघांची पाळी. नेमकी एका शनिवारी वृषालीची आणि पूजाची पाळी एकत्र आली. बाईंनी सोमवारीच दोघींना आपापला शब्द विचारला. वृषालीने सांगितला, नखुले. पूजाने सांगितला, पास्ता.

वर्गात खसखस पिकली. बाईंनी आधी इतरांना अर्थ विचारला. वरच्या आळीतला योगेश म्हणाला, बाजारात गाड्यावर मिळतं ते. कुणी म्हणालं, नूडल्सचा मोठा भाऊ. कुणी म्हणालं, पूजाच्या डब्यातलं ते. वृषाली उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, हा घरातला शब्द न्हाई. पाकिटातला हाय."

बाईंनी तिला खाली बसायला सांगितलं नाही. त्यांनी विचारलं, की तुझ्या घरात बटाटा असतो का, साबण असतो का. असतो म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "हे दोन्ही शब्द समुद्रापलीकडून जहाजांबरोबर आले. आज ते तुझ्या आजीचेही आहेत. ज्या घरात जो शब्द रोज जेवायला बसतो, तो त्या घरचा."

बाईंचं म्हणणं खरं होतं आणि ते वृषालीला पटलंही. पण पटलेली गोष्ट आवडतेच असं नाही. सगळ्या वर्गासमोर आपला मुद्दा पडला आणि पूजाचा राहिला, एवढंच तिच्या मनात उरलं.

शुक्रवारी दुपारी पूजाने ओट्यावर एक पाकीट आणून ठेवलं. त्यातले शिंपले पाहून मावशी हसली. तिने एक शिंपला आपल्या नखुल्याशेजारी ठेवला. एक थोरला, एक धाकटा, पण घडण एकच. ती म्हणाली, हे तर माझेच नखुले, थोडे अंगाने भरलेले. पूजाने सांगितलं, की आईला उद्या पहाटेपासून ड्युटी आहे, शाळेत दाखवायला पास्ता शिजवून हवा आहे, तर मावशी देशील का. मावशीने दोन्ही मुलींचं उद्या मीच शिजवून नऊच्या सुमाराला शाळेत घेऊन येते, असं कबूल केलं. पाचला आई आली तशी पूजा खूश होऊन तिच्याबरोबर बाजाराला गेली.

तो कसा शिजवायचा, हे तिने सांगितलं नाही. पुण्यात तिच्या शाळेत, तिच्या इमारतीत सगळ्यांच्याच घरी पास्ता व्हायचा. पोळी कशी खातात हे जसं आपण कुणाला सांगत बसत नाही, तसंच ते तिला वाटलं. रोजच्या वापरातल्या शब्दाचं असंच होतं. तो इतका अंगवळणी पडतो, की समोरच्याला तो ठाऊक नसेल हे ध्यानातच येत नाही.

मावशीला मात्र शंका आली. तिने पाकीट उलटंपालटं केलं. पाठीमागे बारीक इंग्रजी अक्षरं होती. तिने ते वृषालीपुढे धरलं आणि काय लिहिलंय ते वाचायला सांगितलं. पूजा गेलेली, आता हाताशी इंग्रजी वाचणारी वृषालीच होती आणि तिचा मावशीला अभिमान होता.

वृषालीने पाकीट घेतलं. शब्द सगळे येत नव्हते, पण पाणी, उकळा, मीठ हे तिला लागले. शेजारी चित्रंही होती. वाफाळणारं पातेलं, चाळणी, टोमॅटो. शिवाय मामाकडचं ते टेबल डोळ्यांपुढे होतंच. सगळं तिला स्वच्छ समजलं. तिने मान वर केली. मावशी तिच्या तोंडाकडे पाहत होती, आणि मावशीच्या उजवीकडे गोणपाटावर पूजाची निळी ओढणी विसरून राहिली होती.

"आपल्यासारखंच लिवलंय," वृषाली म्हणाली. "तुपावर परतायचं, दुधात शिजवायचं. गूळ घालायचा."

मावशीने मान डोलवली. वाटलंच हुतं मला, असं म्हणून तिने पाकीट फळीवर ठेवलं.

आता तुम्ही म्हणाल, चाळीस वर्षं रांधणाऱ्या बाईला शिजवताना कळलं कसं नाही. त्याचं कारण आहे. नखुल्यांची खीर मावशी कधी चाखत नसे. खीर झाली की पहिली वाटी देवापुढे जायची, आणि देवाच्या आधी आपण जिभेला लावायचं नाही, हे तिच्या आईने तिला शिकवलेलं. तिचं सगळं नजरेवर चालायचं. नखुला फुगला, वर आला, की शिजला. शनिवारी सकाळी पास्त्याचा शिंपलाही फुगला आणि वर आला. मावशीने गूळ घातला, वाटी देवापुढे ठेवली, दोन पातेल्यांवर दोन झाकणं घातली, फडक्यात बांधली आणि शाळेची वाट धरली.

शाळेत आधी वृषालीने आपला शब्द सांगितला. चांगला सांगितला. नखाने करतात म्हणून नखुले, लग्नघरी त्यांचं काय काम, आमच्या गल्लीत ते कोण करतं, सगळं. मावशीने खीर वाटली. पोरांनी वाट्या चाटून पुसून घेतल्या. बाईंनी शाबासकी दिली. मावशी दाराशी उभी राहून अशी पाहत होती, की जणू पोटची लेक बोलते आहे.

मग पूजा उठली. ती म्हणाली, पास्ता हा इटली देशातला शब्द. तिथे त्याचा मुळातला अर्थ मळलेलं पीठ, कणकेचा गोळा म्हणा. त्या गोळ्यापासून शिंपले करा, नळ्या करा, फुलपाखरं करा, प्रत्येकाला तिथे वेगळं नाव आहे, पण सगळ्यांना मिळून पास्ताच म्हणतात. आमच्या घरी आई दमून आली की विचारते, आज पास्ता चालेल का. म्हणजे आमच्याकडे त्याचा अर्थ, आज आई दमली आहे. आणि बाबा पुण्याहून आले की आम्ही मुद्दाम पास्ता करतो. म्हणजे तेव्हा त्याचा अर्थ, बाबा आलेत. आणि मालनमावशी जे करते तेही मळलेलं पीठच, म्हणून इटलीचा माणूस इथे आला तर तो मावशीच्या नखुल्यांना पास्ता म्हणेल, आणि आपण तिथे गेलो तर त्यांच्या पास्त्याला नखुले म्हणू.

वर्ग शांत होऊन ऐकत होता. वृषालीसुद्धा. तिच्या मनात आलं, की हे आपल्याहून चांगलं झालं. आणि लगेच दुसरं मनात आलं, की आता झाकण उघडणार.

झाकण उघडलं. वर्गभर गुळाचा वास पसरला. पोरांनी लाल तिखट पास्त्यासाठी वाट्या पुढे केल्या होत्या. मावशीने पळी घातली, तर पळी रुतून उभीच राहिली. वाटेत त्या शिंपल्यांनी सगळं दूध पिऊन टाकलं होतं आणि त्यांचा एकच तपकिरी गोळा झाला होता. मावशीने जोर लावून पळी उचलली, तर गोळ्यासकट पातेलं वर आलं. योगेशने एक घास तोंडात घेतला. वरून गिळगिळीत, आतून कच्चं. त्याने तो वाटीत परत ठेवला आणि म्हणाला, "पास्त्याचं लगीन गुळाशी लावलं व्हय मावशी?"

मग जो हशा उठला तो बाईंनी टेबल वाजवेपर्यंत थांबला नाही. पूजा पातेल्याकडे पाहत उभी राहिली. तिचे ओठ थरथरत होते, पण ती रडली नाही.

मावशीने पदराने हात पुसले. तिने वृषालीकडे पाहिलंसुद्धा नाही. ती बाईंना म्हणाली, "माझंच चुकलं. आपल्यावानीच असंल म्हणून केलं. पूजाला काय बोलू नका."

घरी जाताना मावशी आणि वृषाली बरोबरच निघाल्या. बाजारपेठ ओलांडल्यावर मावशीने विचारलं, अगदी हळू, की पाकिटावरचं अक्षर लई बारीक होतं, तुला नीट लागलं नसेल, व्हय ना? वृषालीला दार उघडून दिल्यासारखं झालं. ती म्हणाली, व्हय. हे दुसरं खोटं पहिल्याहून सोपं गेलं. पण पहिलं खोटं सांगताना तिच्या अंगात राग होता, तो तरी तिच्या सोबतीला होता. या वेळी तोही नव्हता.

त्या दुपारी पूजा ओट्यावर आली नाही. समोरच्या खोलीला आतून कडी होती. उजवीकडची जागा मोकळी होती. वृषाली तिथे जाऊन बसली. इतके दिवस जिच्यासाठी जीव टाकला ती जागा मिळाली होती, आणि तिथे तिला धड बसवेना. गोणपाट टोचत होतं. मावशी नखुले वळत होती, पण आज एक झाला की त्याच्याकडे बघत राहायची, मग सुपात टाकायची.

तेवढ्यात योगेशची आजी, रतनबाई आल्या. त्यांच्या धाकट्या लेकाचं लग्न पुढच्या महिन्यात होतं आणि रुखवतासाठी त्यांच्या घरच्या गव्हाच्या रव्याचा डबा आठवड्यापूर्वीच मावशीकडे येऊन पडला होता. रतनबाई ओट्यावर टेकल्या, पाणी प्यायल्या, उन्हाबद्दल बोलल्या, सुनेच्या गुडघ्याबद्दल बोलल्या. मग डब्याकडे पाहत म्हणाल्या, की तुमचंही आता वय झालं, मालनबाई, उगाच त्रास कशाला, माझी भावजय करते म्हणते, तर रवा घेऊनच जाते.

मावशीला समजलं. तिचा अंगठा वळीवर थांबला. शाळेतला हशा योगेशच्या पायांनी वरच्या आळीत पोचला होता. सोनईसारख्या गावात असली बातमी दुपारपर्यंत पोचते, आणि संध्याकाळी ती अशी होते, की मालनबाईंचा हात गेला. मावशीने डाव्या बाजूचा डबा उचलला, त्याच्या झाकणावरचं पीठ पुसलं आणि तो रतनबाईंपुढे सरकवला.

वृषालीने तो डबा सरकताना पाहिला. मावशीच्या हातावरच्या शिरा पाहिल्या. आणि तिच्या तोंडून शब्द गेले.

"रतनआजी, मावशीचं न्हाई चुकलं. पाकीट मी वाचलं हुतं. मला समदं लागलं हुतं. मी खोटं सांगितलं."

रतनबाईंनी तिच्याकडे पाहिलं आणि त्या कौतुकाने हसल्या. मावशीला म्हणाल्या, "पोर लई जीव लावती तुमाला. तुमच्यापायी खोटं बी अंगावर घेती."

असं होतं कधी कधी. खोटं लगेच खपतं आणि खरं कुणी घेत नाही. वृषाली उठून उभी राहिली. तिने पुन्हा सांगितलं. रतनबाई म्हणाल्या, बाळे, तू कशाला असं करशील, तुला काय मिळायचं होतं त्यातनं?

आता ते सांगणं आलं. खोटं बोलले हे सांगण्यापेक्षा ते कितीतरी अवघड होतं, कारण ते फार लहान होतं. इतकं लहान, की मोठ्याने म्हणायचीही लाज वाटावी. वृषालीने पायाच्या अंगठ्याने ओट्याची फरशी उकरली.

"पूजा माझ्या जागंवर बसती," ती म्हणाली. "आन मावशी तिला बी म्हणली, हाताला वळण हाय. ते मला म्हणली हुती. मला वाटलं, तिचा पास्ता बिघडला की मावशीला ती नकोशी व्हईल. मावशीला समदे हसतील, ते माझ्या ध्यानातच आलं न्हाई."

रतनबाईंचं हसू मावळलं. असली गोष्ट कुणी दुसऱ्याला वाचवायला बनवून सांगत नाही, हे त्यांच्याइतके पावसाळे पाहिलेल्या बाईला कळत होतं. त्यांनी डब्यावर हात ठेवला, जरा वेळ तसाच ठेवला, आणि तो पुन्हा मावशीकडे ढकलला. म्हणाल्या, माझी भावजय करते खरं, पण तिचे नखुले म्हणजे शेंगदाणे. अक्षयतृतीयेपर्यंत होतील ना? मावशी म्हणाली, होतील. रतनबाई गेल्या. जाता जाता त्यांनी वृषालीच्या डोक्यावर एक टपली मारली, हलकी नाही आणि जोराचीही नाही.

वृषाली वाट पाहत उभी राहिली. तिला वाटलं, मावशी आता रागावेल, नाहीतर जवळ घेईल. दोन्हींपैकी काहीही झालं असतं तरी तिला सुटल्यासारखं झालं असतं. मावशीने दोन्हींतलं काही केलं नाही. तिने वळी ओढली, तुकडा तोडला, नखाने सरकवला. पाच-सहा नखुले झाले.

मग ती म्हणाली, "हाताला वळण हाय, हे मी माझ्या सुनंला बी म्हणलेय. अजून धा जणींना म्हणीन. तू शिकलीस ते त्यानं कमी हुतंय का?"

वृषालीने मान हलवून नाही म्हटलं.

"मला सांगितलंस. रतनबाईला सांगितलंस. बरं केलंस." मावशीने समोरच्या बंद दाराकडे मान वळवली. "पर जिचं हसं झालं ती तिथं हाय. आमी दोघी तुझ्या घरच्या. आमाला सांगनं सोपं."

वृषालीने दाराकडे पाहिलं. गल्ली दहा पावलांची होती. ती ओट्यावरून उतरली, दोन पावलं गेली आणि थांबली. पूजाने डबा पुढे धरला होता ते तिला आठवलं असेल, नाहीतर पातेल्यापाशी उभ्या असलेल्या पूजाचे ओठ आठवले असतील. मावशी मागून हाक मारील असं तिला वाटत होतं. मावशीने मारली नाही.

ती चालत गेली. दाराशी पोचल्यावर तिने हाताला लागलेलं ओलं पीठ फ्रॉकला पुसलं आणि कडी वाजवली. आतून पूजाने विचारलं, कोण आहे.

"मी वृषाली," ती म्हणाली. "दार उघड. तुझा पास्ता मी बिघडवला. कसा, ते सांगायला आलेय."

आतली कडी निघाली नाही. वृषाली तिथून हलली नाही. ती उंबऱ्याबाहेरच्या तापलेल्या फरशीवर खाली बसली आणि दार उघडायची वाट पाहू लागली.